वैशाखांतलें परडें

वसंताचें वर्णन करतांना आपले कवि बहुधा चैत्रापाशींच थांबतात. पालवी फुटली, कोकिळ बोलला, मोगरा उमलला, कीं त्यांचें काम संपतें. वैशाख म्हटला म्हणजे त्यांस वणवाच आठवतो. परंतु कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यांचीं घरें आहेत त्यांस विचारलें, तर ते सांगतील कीं वसंताचा खरा भोग वैशाखांतच मिळतो. चैत्र जें नुसतें दाखवितो तें वैशाख हातांत आणून देतो. आणि हा भोग मिळतो तो रानांत नव्हे किंवा मोठ्या बागाइतांतही नव्हे, तर घराच्या मागील दारीं, परड्यांत. या महिन्यांत बहुतेक कुटुंबें गांवीं जाण्याच्या गडबडींत असतात. म्हणून या परड्याविषयीं चार शब्द बोलणें आम्हांस उचित वाटतें.

परडें म्हणजे काय, हें देशावरील वाचकांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. शहरांतल्या बंगल्यापुढें असते ती बाग पाहण्यासाठीं असते. परडें हें खाण्यासाठीं, देवासाठीं आणि दारीं येणाऱ्या माणसासाठीं असतें. उदाहरणादाखल आचरें हें गांव घेऊं. मालवणहून उत्तरेस, देवगडाकडे जाणाऱ्या वाटेवर, खाडी आणि समुद्र यांच्या कुशींत तें वसलें आहे. श्रीरामेश्वर हें तेथील ग्रामदैवत. समुद्राकडची जमीन रेताड, आणि थोडें वर चढलें कीं तांबडा जांभा. घराभोंवतीं त्याच दगडाचा गडगा, पुढें सारवलेलें खळें, खळ्यांत तुळशीवृंदावन, आणि मागें विहीर. विहिरीच्या आसपास माड आणि चार पोफळी. न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळूं. गडग्याच्या कडेनें फणस, रातांबा, शेवगा. आणि दाराजवळ मोगरा, अबोली, तगर, जास्वंद. एवढ्याशा जागेंत वर्षाच्या स्वयंपाकाची आणि पूजेची निम्मी सोय होते.

या दिवसांत परड्यांत जावें तें पहाटे. दयाळाचा नर गडग्यावर किंवा शेवग्याच्या शेंड्यावर बसून उजाडण्यापूर्वींच शीळ घालूं लागतो. थंडींत जवळजवळ मुका असणारा हा पक्षी उन्हाळ्यांतच असा मोकळा होतो. मग कोकिळ, मग हळद्या. आणि ऊन चढलें कीं तांबट आपली हातोडी काढतो. दुपारच्या सुस्तींत तेवढा एकच आवाज राहतो. उजाडतांच मुलें रायवळाखालीं धांवतात. रात्रींच्या वाऱ्यानें पडलेला आंबा ज्यास आधीं सांपडेल त्याचा, हा कायदा कोणत्याही पुस्तकांत लिहिलेला नसून सर्व घरांत पाळला जातो. सुरंगीचा बहर या सुमारास ओसरलेला असतो. परंतु ओवळाच्या, म्हणजे बकुळीच्या, झाडाखालीं बारीक फुलांचा सडा पडलेला असतो. हीं फुलें वाळलीं तरी त्यांचा वास जात नाहीं. म्हणून जुन्या बायका तीं लुगड्यांच्या पेटींत ठेवीत. संध्याकाळ मात्र मोगऱ्याची. दिवसभर तापलेल्या अळ्यांत पाणी पडलें, मातीचा वास सुटला आणि त्यांत मोगरा मिसळला, म्हणजे ओटीवर बसलेला माणूस आपोआपच बोलणें थांबवितो.

फळांचें सुख तर केवळ जिभेचें नव्हे. त्यांत घरच्या विद्येचाही भाग आहे. हापूस झाडावर पिकूं द्यावयाचा नसतो. फळ भरलें, देंठाजवळचे खांदे वर आले, म्हणजे सकाळच्या गारव्यांत तें झेल्यानें उतरवावें. थोडासा देंठ ठेवावा, नाहीं तर चीक ओघळून सालीवर डाग पडतात. तापलेल्या जमिनीवर फळ ठेवूं नये. मग पेंढ्याची आढी घालावी, आणि पुढें घराचें माजघर स्वतःच सांगतें कीं आंबा तयार झाला. फणसांत कापा खाण्यासाठीं आणि बरका साठांसाठीं. आठळ्या फेंकून द्यावयाच्या नसतात. तांबड्या मातींत घोळवून ठेविल्या कीं आषाढांत भाजी महाग झाली असतां त्या घरास उपयोगीं पडतात. रातांब्याचें तर काय सांगावें! फळें फोडून सालें वेगळीं करावयाचीं, आंतल्या रसांत मीठ घालून त्यांचीं पुटें त्या सालांस द्यावयाचीं, आणि पुन्हां पुन्हां उन्हांत वाळवावयाचीं. त्यांचींच आमसुलें, ज्यांस तळकोंकणांत सोलें म्हणतात. बियांचें भिरंडेल निघतें, आणि तें टांचांच्या भेगांवर नामी औषध आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथील कोकमास २०१६ सालीं, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें, पालघर या जिल्ह्यांतील हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. हा मान मोठ्या बागाइतदारांचा खरा. परंतु पिढ्यान् पिढ्या परड्यांत हीं झाडें जपणाऱ्या गृहिणींचाही त्यांत वांटा आहे, हें विसरूं नये.

हीं सारीं कामें एकट्यानें होण्याजोगीं नसतात, आणि हेंच त्यांचें मोठें सुख आहे. आजीनें मिठाचा अंदाज सांगावा, जावांनीं सालें काढावींत, पुरुषांनीं ओझीं वाहावींत, मुलांनीं काठी घेऊन वाळवणावरचे कावळे हांकावेत. ज्या घरांत एरव्हीं बोलाचाली कमी झालेली असते तेथेंही रातांब्यांच्या राशीभोंवतीं बसलें कीं हात तांबडे होतात आणि तोंडें मोकळीं होतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ आणि पन्हें, अक्षय्य तृतीयेस देवापुढें ठेवलेला पहिला आंबा, पाहुण्यासाठीं उतरविलेलें शहाळें, हें सर्व त्याच चार गुंठ्यांतून येतें.

आतां या सुखाच्या मुळाशीं जाऊं. तें मूळ पाण्यांत आहे. या भागांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. परंतु तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवीत नाहीं. वैशाखांत विहिरी तळ दाखवूं लागतात आणि खाडीजवळच्या कांहीं विहिरींचें पाणी मचूळ होतें. ज्या दिवसांत पाणी सर्वांत कमी त्याच दिवसांत झाडाची तहान सर्वांत मोठी. म्हणून आपल्याकडे शिंपणें हें नुसतें काम नसून तो एक ऋतूच मानला गेला. पूर्वीं रहाट किंवा लाट असे. आतां पंप आहे. परंतु कळ दाबणारा, नळी एका अळ्यांतून दुसऱ्या अळ्यांत नेणारा आणि वीज गेली असतां कळशी उचलणारा माणूस अजूनही लागतोच.

माडाचा हिशेब तर फार लांबचा असतो. चांगल्या माडास महिन्यास सुमारें एक झावळ येते, आणि तिच्या बेचक्यांत एक पोय. पोय उमलल्यापासून नारळ पक्का होण्यास जवळजवळ एक वर्ष लागतें. परंतु त्या पोयीचा अंकुर झाडाच्या गाभ्यांत त्याच्याही आधीं अडीच वर्षांहून अधिक काळ घडूं लागलेला असतो. तेव्हां यंदां आपण जो नारळ फोडतों त्याचें भवितव्य तीन-चार वर्षांपूर्वींच्या उन्हाळ्यांत ठरूं लागलेलें असतें. एका वैशाखाची तहान माड त्याच वर्षीं बोलून दाखवीत नाहीं. ती तो मनांत ठेवतो आणि पुढें सावकाश वसूल करतो.

आमच्या ओळखीच्या एका घरची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. चार भावांचें घर. तिघांचीं कुटुंबें मुंबई-पुण्यास, आणि गांवीं राहिल्या त्या एकट्या वृद्ध काकू. वैशाखांत सर्व मंडळी जमली, नारळ उतरविले, वांटे करूं लागले. थोरला पुतण्या म्हणाला, "काकू, यंदां नारळ एवढे कमी कां हो?" काकू सुपांतले रातांबे निवडीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "अरे, ज्या वर्षीं पंप जळला आणि तूं म्हणालास, 'पैसे पाठवतों,' त्या वर्षाचे हे नारळ. मीं कळशीनें जेवढे माड शिंपले तेवढेच धरले." पडवींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग धाकटी सून उठली आणि म्हणाली, "काकू, वांटे तुम्हीच करा." काकूंनीं पहिला वांटा विहिरीचा काढला, म्हणजे पंपाच्या खर्चाचा, दुसरा शिंपणाऱ्याचा, आणि राहिले त्याचे चार भाग केले. त्या घरांत आतां दर वर्षीं हाच क्रम आहे, आणि आम्हांस तो कोणत्याही वकिलाच्या कागदापेक्षां अधिक न्यायाचा वाटतो.

कारण आज परड्यापुढें खरा प्रश्न उभा आहे तो हाच. सातबाऱ्यावर नांवें वाढत जातात आणि विहिरीवर हात कमी होत जातात. फळाचे वांटेकरी पंधरा, आणि पाण्याचा वांटेकरी एक. कित्येक घरांना वर्षाचे अकरा महिने कुलूप असतें. तेथें वानर-माकडें खुशाल राज्य करतात आणि गडग्यावर रान माजतें. घरास कुलूप लावतां येतें, झाडास लावतां येत नाहीं. त्याची तहान चालूच राहते. मे महिन्यांत येऊन जे "आमच्या लहानपणीं किती आंबे असत!" म्हणून हळहळतात, त्यांनीं तेव्हां पहाटे उठून पाणी काढणारें माणूस कोण होतें हेंही आठवावें. बहुधा ती कोणी तरी आजी, आत्या किंवा काकू असते; आणि वांट्याच्या वेळीं तिचें नांव शेवटीं निघतें.

आचऱ्यास एक जुनी चाल आहे, तिचा या ठिकाणीं विचार करावा. कांहीं वर्षांच्या अंतरानें, रामेश्वराचा कौल घेऊन, सारें गांव गुरेंढोरें आणि कोंबडीं-कुत्रीं यांसह तीन दिवस तीन रात्रीं वेशीबाहेर जाऊन राहतें. तिलाच गांवपळण म्हणतात. धर्म-जातीचा भेद न ठेवतां सर्वजण राहुट्यांत राहतात, गांवांत चूल पेटत नाहीं, आणि पुन्हां कौल मिळाला म्हणजे गांव भरतें. ही पळण थंडीच्या दिवसांत होते. तेव्हां जमिनींत ओल असते आणि दंव पडतें, म्हणून तीन दिवसांत परड्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तींत याहून मोठें शहाणपण आहे. त्या जाण्यास मुदत असते, आणि परत येण्याचें बंधन असतें. आपल्या सुशिक्षित कुटुंबांनीं जी दीर्घ गांवपळण आरंभिली आहे तिला मात्र परतीचा कौल कोणीच लावलेला नाहीं. नोकरी-शिक्षणासाठीं बाहेर जाणें हा कांहीं दोष नव्हे. काळानुसार तें व्हावयाचेंच. परंतु गेलेल्यांनीं परड्याशीं आपलें कांहीं ठरावीक कर्तव्य बांधून घेतलें नाहीं, तर हा ठेवा एका पिढींत नाहींसा होईल.

या बाबतींत आपल्या परंपरेनें फार सुंदर धडे घालून दिले आहेत. कालिदासाची शकुंतला आश्रमांतल्या झाडांस पाणी घातल्यावांचून स्वतः पाणी पीत नसे, असें कण्व सांगतो. वैशाखांत शंकराच्या पिंडीवर आणि तुळशीवर गलंतिका टांगण्याची चाल तर आपणां सर्वांच्या पाहण्यांतली आहे. बारीक भोंकाच्या त्या भांड्यांतून थेंब थेंब पाणी मुळांशीं पडत राहतें. आज शेतांतून ज्या ठिबक सिंचनाचा प्रसार झाला आहे त्याचें तत्त्व दुसरें काय आहे? उन्हाळ्यांत एकदम पुष्कळ ओतण्यापेक्षां थोडें पण सतत द्यावें, हें आपल्या देवघरानें आपणांस केव्हांच शिकविलें होतें. तें तुळशीपाशीं न थांबतां परड्यापर्यंत जावें, एवढेंच उरलें आहे.

तेव्हां यंदां सुटींत गांवीं जाणाऱ्या मंडळींस आमचें सांगणें असें, कीं आंब्याची पेटी भरण्यापूर्वीं परड्याचीं चार कामें हातावेगळीं करावींत. पहिलें काम आच्छादनाचें. प्रत्येक झाडाच्या अळ्यांत वाळलेला पाला आणि झावळ्यांचे तुकडे पसरावे. पाणी किती तरी कमी लागतें. नारळ सोलून पडलेलीं सोडणें जाळूं नयेत. माडाच्या बुंध्यापासून सुमारें दोन मीटरांवर गोल चर खणून, खोलगट बाजू वर करून, तीं त्यांत रचावींत आणि पावसाच्या आरंभीं माती लोटावी. तीं पाणी शोषून धरतात आणि पांच-सात वर्षें उपयोगीं पडतात. लहान कलमापाशीं कच्चें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें. तें हळूहळू पाझरतें, आणि शिंपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची रोजची एक खेप वांचते.

दुसरें काम खड्ड्यांचें. माड किंवा आंब्याचें कलम लावावयाचें असेल तर लांबी, रुंदी आणि खोली एक एक मीटर असा खड्डा वैशाखांतच खणून उन्हांत तापूं द्यावा, आणि पावसापूर्वीं वरची माती व कुजलेलें शेणखत घालून भरावा. दोन माडांत साडेसात मीटरांचें अंतर ठेवावें. हें काम मृगावर टाकूं नये. कारण ऋतूंचें जुनें वेळापत्रक आतां भरंवशाचें राहिलेलें नाहीं. २०२५ सालीं मोसमी पाऊस २५ मे रोजींच, वैशाख सरण्यापूर्वींच, तळकोंकणांत दाखल झाला, आणि कित्येक घरचीं वाळवणें व अर्धवट खड्डे तसेच भिजले.

तिसरें काम निवडीचें. रातांब्याचें झाड बीपासून केलें तर तें नर निघेल कीं मादी, हें फुलावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षें, कळत नाहीं. आणि सुमारें निम्मीं रोपें नर निघतात. इतकीं वर्षें पाणी घालून फळच न धरणारें झाड पदरीं पडलें म्हणजे घरांत निराशा होते. यासाठीं मादी झाडाचें कलम लावावें. १९७२ सालीं दापोली येथें कोंकणचें कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि त्याच्या वेंगुर्लें येथील फळसंशोधन केंद्रानें काजू, आंबा, कोकम यांवर पुष्कळ काम केलें आहे. तेथून खात्रीचें कलम मिळत असतां बाजारांतलें अनोळखी रोप घेण्यांत शहाणपण नाहीं. याच वेळीं शेणखताचा खड्डा उपसून पाहावा. माडाचा शेंडा पोंखरणारा गेंड्या भुंगा त्यांतच वाढतो. त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या वेंचून काढण्यांत मुलांस मौज वाटते आणि माडाचें रक्षण होतें.

चौथें काम वहीचें. प्रत्येक घरीं परड्याची एक वही असावी. कोणतें झाड कोणीं, केव्हां लावलें, कोणत्या वर्षीं काय आलें, कोण शिंपीत होतें, हें तींत लिहावें. आणि त्याच वहींत दर वांटेकऱ्याची पाण्याची वर्गणी मांडावी. ही गोष्ट रुक्ष वाटेल. परंतु आमचा अनुभव असा, कीं आंब्यावरून होणारीं भांडणें आंब्याचीं नसतात, न मांडलेल्या हिशेबाचीं असतात. वही असली म्हणजे काकूंस तोंडानें सांगण्याची पाळी येत नाहीं. शिवाय आजोबांनीं लावलेल्या झाडाखालीं नातवाच्या हस्ताक्षरांत नवी नोंद होते, हें सुख निराळेंच.

एक वर्ष आठवून हा लेख संपवितों. १६ मे २०२१ रोजीं, अक्षय्य तृतीयेनंतर दोनच दिवसांनीं, तौक्ते हें चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलें. झाडावरचा उरलेला आंबा एका दिवसांत जमिनीवर आला, आणि पुष्कळ परड्यांतले जुने माड मोडून पडले. त्याच पावसाळ्यांत ज्यांनीं त्या जागीं रोपें लावलीं आणि मागून आलेल्या प्रत्येक वैशाखांत शिंपलीं, त्यांचे माड आतां फळाच्या वाटेवर आहेत. ज्यांनीं "पुढल्या वर्षीं पाहूं" म्हटलें, त्यांच्या परड्यांत ती जागा अजून मोकळीच आहे. बाणवली माड फळास येण्यास सहा-सात वर्षें घेतो आणि पुढें दोन पिढ्यांस पुरतो. असा खड्डा यंदां आपल्या घरचा कोण खणणार, आणि आपण परतल्यावर त्यांत पाणी कोण घालणार, हें पेट्या बांधण्यापूर्वीं ओटीवर सर्वांनीं बसून ठरवावें.